हिपॅटायटिस बीचे सीक्वेन्स: जेनबँक, एचबीव्हीडीबी की आणखी काही?

आमच्या सोलापुरात मायक्रोबायोलॉजी-बायोटेकच्या प्रोजेक्टची वेळ आली की एक प्रश्न ठरलेला: ‘सर, हिपॅटायटिस बीचे सीक्वेन्स कुठून डाऊनलोड करू?’ (सीक्वेन्स म्हणजे विषाणूच्या डीएनएतल्या अक्षरांची ओळ.) मी विचारतो, शोधायचंय काय? तिथे बहुतेकांची गाडी अडते.

जेनबँक हा सीक्वेन्सचा सार्वजनिक कोश म्हणजे आपलं मार्केट यार्ड. गाड्या येतात, कांदा उतरतो, प्रतवारी तुमची तुम्ही करायची. अमेरिकेची जेनबँक, युरोपची ईएनए आणि जपानची डीडीबीजे आपसात नोंदी वाटून घेतात, म्हणून तिन्हीकडे हिंडायची गरज नाही. माल भरपूर, पण पाठवणाऱ्याने लिहिलं तेवढंच तिथे. कुणी नमुन्याची तारीख गाळलेली, कुणी जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा जनुकीय प्रकार, लिहिलेलाच नाही. त्यात या विषाणूचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, गोल. मोजणी रिवाजाने ईको-आर-वन एन्झाइम जिथे कापतं तिथून. काही जण मात्र भलतीकडूनच सुरुवात करतात. शिवाय भारतात प्रामुख्याने सापडणाऱ्या दोन प्रकारांपैकी डीची लांबी 3,182 अक्षरं, तर एची 3,221. हे सगळं एकत्र अलाइन करायला, म्हणजे एकाखाली एक जुळवायला गेलात की आठवडा गेलाच म्हणून समजा.

निवडणीचं हे काम फ्रान्समधल्या लिऑंच्या एचबीव्हीडीबी या कोशाने केलेलं आहे. 2013 साली त्याचा शोधनिबंध आला. हाताने तपासलेले संदर्भ जीनोम पायाला धरून बाकीच्या सीक्वेन्समध्ये कुठला भाग कशाचा याची नोंद संगणक करतो. ए ते एच जीनोटाइपप्रमाणे गटही पाडलेले मिळतात. पहिलाच प्रोजेक्ट असेल तर मी डोळे झाकून इथे पाठवतो. मात्र मूळ माल सार्वजनिक कोशांतलाच, त्यामुळे तिथे न लिहिलेली तारीख इथेही उगवत नाही.

औषधाला न जुमानणारे बदल बघायचे असतील तर जर्मनीचं जेनो-टू-फेनो हे ऑनलाइन साधन. सीक्वेन्स टाका, जीनोटाइप आणि पॉलिमरेजमधले (विषाणूच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइममधले) बदल समोर येतात. पॉलिमरेज आणि पृष्ठभागाचं प्रथिन यांचे जीन एकमेकांवर चढलेले असल्याने एका बदलाने दोन्हीकडे फरक पडू शकतो, हे तिथे छान दिसतं. जुना पेपर वाचताना एक सांभाळा: पॉलिमरेजमधली तिथली जागा 552 म्हणजे आजच्या मोजणीतली आरटी-204. या पायी आमच्याकडे एक अख्खा तक्ता पुन्हा करावा लागलाय. रुग्णाच्या उपचारासाठी मात्र यातलं सहसा काही लागत नाही. टेनोफोव्हिर हे औषध सुरू करताना डॉक्टर व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आणि यकृताची अवस्था बघतात.

आता सार्वजनिक आरोग्य. या कामासाठी मला सर्वात पटलेली कल्पना ब्रिटनच्या हेपसेक या कोशाची. 2007 साली मांडलेल्या या कोशात सीक्वेन्सच्या जोडीला रुग्णाची वैद्यकीय आणि साथरोगविषयक माहिती ठेवायची योजना होती. तिचं मोल कळायला गुजरातमधलं मोडासा आठवावं. 2009 साली त्या भागात पुन्हापुन्हा वापरलेल्या सिरिंजमुळे हिपॅटायटिस बीची साथ आली. अशा साथीतले संसर्गाच्या एकाच साखळीचे सीक्वेन्स सुटे मोजून तुम्ही ‘भारतात अमुक प्रकार इतके टक्के’ म्हणालात, तर आकडा फसवणारच. इंजेक्शन कुठे, कधी घेतलं ते नोंदीत असेल तरच साखळी दिसते. पण अशा लहान, एका संस्थेच्या जिवावर चालणाऱ्या कोशावर अख्खं डिझर्टेशन टांगू नका. निधी आटला की दार बंद व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून माझा सल्ला: संदर्भासाठी एचबीव्हीडीबी, आणि भारतातल्या नोंदींसाठी जेनबँक, पण प्रत्येक नोंदीमागचा पेपर उघडून. स्वतःचे नमुने घेणार असाल तर एथिक्स कमिटीच्या अर्जातच रकाने आखा: महिना, तालुका, वयोगट, लस, आधीची औषधं, इंजेक्शन किंवा रक्त घेतल्याचा इतिहास. नाव कोशात जाता कामा नये, आणि बारीकशा गावाचा उल्लेखही नको. माणूस त्यावरूनही ओळखू येतो. बार्शी की अक्कलकोट, एवढं पुरे. हे सगळं नमुना घेतानाच विचारा. फ्रीजरमधल्या ट्यूबला नंतर विचारून काही कळत नाही.