आडनाव बरोबर, गोष्ट भलत्याच घराण्याची: आडनावाच्या फ्रेमचा अनुभव

५ पैकी २ स्टार, आणि ते दोन्ही लाकडी फ्रेमचे. आतल्या मजकुराला माझ्याकडून काही नाही.

जर्मनीत स्टुटगार्टला आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो ते हेर बेक (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) गेल्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांचे झाले. सहा वर्षं झाली आम्हाला इथे, माझ्या मुलीला सायकल त्यांनीच शिकवली, म्हणून काहीतरी मनापासूनचं द्यायचं होतं. ऑनलाइन एक दुकान सापडलं, तिथे आडनाव टाकलं की त्याचा उगम, अर्थ आणि कुलचिन्ह जाड पिवळट कागदावर छापून फ्रेम करून घरी पाठवतात, ३९ युरो. पॅकिंग मस्त होतं, वेळेत आलं, छपाईही सुबक, त्याबद्दल तक्रार नाहीच.

कागदावर लिहिलेलं की बेक म्हणजे ओढा, हे लोक मूळचे उत्तर इंग्लंडचे, शब्द व्हायकिंग लोकांबरोबर आला, आणि वर सिंहाची ढाल. मला आधी बेकरीच आठवली होती खरं तर, पण छापलंय म्हणजे बरोबर असेल असं धरून चाललो.

हेर बेकनी चष्मा लावून सगळं नीट वाचलं, आभार मानले आणि मग हळूच म्हणाले, आमच्याकडे श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या या भागात, म्हातारी माणसं अजून ब्रेड आणायला 'बेककडे' जातात, बेक म्हणजे ब्रेड भाजणारा. त्यांचे पणजोबा गावात भट्टी चालवायचे. मला फार वाईट वाटलं, माणसाच्या पंचाहत्तरीला आपण दुसऱ्याच कुणाचं तरी घराणं हातात दिलं.

मग दोन रात्री बसून शोधलं. कागदावरचं साफ खोटं नाहीये, आणि घोळ नेमका तिथेच आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशर, कंब्रिया, लिंकनशर या भागांत ओढ्याला आजही बेकच म्हणतात, लीड्समधल्या होलबेकच्या नावात तोच शब्द, आणि तो नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांच्या बेक्कर वरून आलाय, त्यामुळे तिकडचा बेक बऱ्याचदा ओढ्याकाठचा. उत्तर जर्मनीतल्या बोलीत ओढ्याला बेके, म्हणजे तिथला बेकसुद्धा ओढ्याचा असू शकतो. दक्षिणेत आलं की मात्र जुन्या जर्मनमधल्या बेक्के म्हणजे ब्रेड भाजणाऱ्यापासून आलेला बेक, टेनिसपटू बोरिस बेकरमधल्या बेकरचा सख्खा भाऊच. लिहायला एकच आडनाव, उगम निदान दोन, आणि कुठला लागू होतो ते घराणं कुठलं त्यावर ठरतं. आपल्याकडे नाही का, सगळे पाटील एका वाड्यातले नसतात!

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट संगीतकार बाखची. बाख म्हणजे जर्मनमध्ये ओढा, यॉर्कशरच्या बेकचाच नातलग शब्द. पण योहान सेबास्टियान बाखने १७३५ च्या सुमारास आपल्या घराण्याचं टिपण लिहिलं त्यात पहिलाच माणूस फाइट बाख, आणि त्याचा धंदा काय तर ब्रेड भाजायचा! आडनाव ओढ्याचं आणि माणूस भट्टीवरचा. नुसत्या आडनावावरून माणसाची गोष्ट सांगता येत नाही हे मला त्या रात्री कळलं.

कुलचिन्हाचा भाग तर मला सरळ फसवणूक वाटतो. इंग्लंडमध्ये कुलचिन्हं देण्याचं काम १४८४ पासून लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स बघतं आणि ते स्पष्ट सांगतात की आडनावाला कुलचिन्ह नसतंच, ते एका माणसाला दिलं जातं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. म्हणजे कुणा एका बेकची ढाल काढून जगातल्या सगळ्या बेकना विकायची.

दुकानाला मेल केला, त्यांचं म्हणणं आमच्याकडे प्रत्येक आडनावाचा एकच मजकूर असतो, पैसे परत मिळणार नाहीत. अहो मग ऑर्डर घेताना गाव, प्रांत एवढं तरी विचारा ना, एक रकाना वाढवायचाय फक्त.

ज्यांना जर्मन आडनावाचं खरंच बघायचंय त्यांनी जर्मनीतल्या माइन्त्स शहरातल्या अकादमीचा जर्मन आडनावांचा डिजिटल कोश बघा, फुकट आहे. सगळं जर्मनमध्ये आहे पण भाषांतर लावून कळतं, एकाच आडनावाचे वेगवेगळे अर्थ वेगळे मांडलेत, आणि २००५ च्या टेलिफोन नोंदींवरून आडनाव कुठे किती आहे त्याचा नकाशा मिळतो. दिसायला रुक्ष आहे, सिंहबिंह काही नाही, पण माहितीवर विश्वास ठेवावा असं.

मी तो नकाशा रंगीत प्रिंट करून त्याच फ्रेममध्ये घातला आणि हेर बेकना परत नेऊन दिला. त्यांनी बोटाने पणजोबांचं गाव दाखवलं, आणि शनिवारी मुलीला तिथली जुनी भट्टी दाखवायला नेणार आहेत.