पिपेल बायोप्सी: कुठे पुरते, कुठे कमी पडते

पिपेल ही गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणीसाठी (बायोप्सीसाठी) काढायची नळी. दिसायला सरबताच्या स्ट्रॉसारखीच, फक्त जास्त बारीक. लांबी साधारण २३ सेंटिमीटर, जाडी ३.१ मिलिमीटर. लवचिक, पारदर्शक प्लास्टिक, टोकाजवळ बाजूला एक भोक आणि आत दट्ट्या. कॉर्निये नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ही नळी आणली. तिच्यामुळे हा तुकडा काढण्यासाठी भूल द्यायची गरज बऱ्याच बायकांच्या बाबतीत उरली नाही. ओपीडीच्या टेबलावरच काम होतं. एकदा वापरून फेकायची वस्तू आहे, धुऊन पुन्हा वापरायची नाही.

ही तपासणी कधी लागते, यावरून गोंधळ फार. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘एंडोमेट्रियम (म्हणजे हेच अस्तर) १४ मिमी’ दिसलं की घरात रडारड सुरू होते. पाळी चालू असलेल्या बाईत अस्तर महिनाभर वाढतं आणि पाळीत गळून पडतं. पाळी येण्याआधीच्या दिवसांत १४ मिमी हा साधा आकडा आहे. त्यामुळे सोनोग्राफी पाळी सुरू झाल्यापासून चौथ्या ते सहाव्या दिवशी, खालून (योनीमार्गे) आणि लघवी करून आल्यावर केलेली बरी. पाळी कायमची थांबलेल्या बाईचा हिशेब वेगळा. अंगावरून लाल गेलं, पण अस्तर सगळीकडे नीट दिसतंय आणि ४ मिमी किंवा कमी आहे, तर कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. त्याहून जाड असेल, किंवा पातळ असूनही रक्त जातच राहिलं, तर तुकडा हवाच.

पाळी अजून येत असलेल्या बाईत रक्तस्राव बिघडला तर नळी कधी घालायची ते वय आणि धोक्यावरून ठरतं. फॉग्सी या भारतातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात रेषा वयाच्या ४० ची आहे, अमेरिकेत ४५ ची. त्याआधीही पीसीओएस, जास्त वजन, मधुमेह, स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या किंवा घरात आतड्याच्या नाहीतर गर्भपिशवीच्या कॅन्सरचा इतिहास असेल, किंवा औषधं घेऊनही रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तर थांबू नये. पॅप स्मिअर नुकतीच झाली म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बायका पुष्कळ. ती तपासणी पिशवीच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराचं तिला फारसं कळत नाही.

काम होतं ते असं. आधी लघवीची गर्भचाचणी. गर्भ असेल तर नळी घालायची नाही. ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल तर तो आधी बरा करायचा. ज्यांना चालते त्यांनी तासभर आधी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवून घ्यावी. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारं उपकरण) लावून पिशवीचं तोंड बेटाडिनने पुसतात, गरज पडली तर चिमट्याने धरतात. नळी वरच्या भिंतीला अलगद टेकेपर्यंत आत जाते, बहुतेकींत ६ ते ८ सेंटिमीटर. मग दट्ट्या एका दमात शेवटपर्यंत ओढायचा. नळी गोल फिरवत तीनचार वेळा वर-खाली न्यायची. इथेच हात चुकतो. खाली आणताना बाजूचं भोक तोंडाबाहेर आलं की हवा शिरते, ओढ संपते आणि नळीत नुसतं रक्त येतं. तुकडा कमी आला तर दुसऱ्यांदा घालता येते, पण फॉर्मलिनला (तुकडा टिकवायच्या द्रवाला) टोक लागलेली नळी परत आत घालायची नाही.

दुखतं का? दुखतं. मिनिटभर पाळीतल्यापेक्षा जोराची कळ येते, काहींना घेरी येते. उठायची घाई करू नये, दहा मिनिटं पडून राहावं. एखाददोन दिवस डाग पडतात. ताप, घाण वास किंवा धो धो रक्त सुरू झालं तर त्याच दिवशी परत जायचं. सिझेरियनच झालेल्या किंवा पाळी जाऊन बरीच वर्षं लोटलेल्या बायकांत कधीकधी पिशवीचं तोंड आखडलेलं असतं, नळी शिरतच नाही. तिथे जोर लावण्यात अर्थ नाही, भूल देऊन काम करावं.

निम्मा गोंधळ मात्र तुकड्याची बाटली आणि लॅबचा फॉर्म या जागी होतो. रक्त थांबवायला आधी नॉरएथिस्टेरॉन ही हार्मोनची गोळी सुरू होते आणि तुकडा पंधरा दिवसांनी घेतला जातो. तोवर गोळ्यांनी अस्तराचं रूप बदललेलं असतं. पॅथॉलॉजिस्टला हे कळवलं नाही तर रिपोर्टवर विसंबता येत नाही. म्हणून फॉर्मवर वय, शेवटच्या पाळीची तारीख, गोळीचं नाव आणि किती दिवस घेतली हे लिहिलंय का ते स्वतः बघा. दुसरी गोष्ट टीबीची. आपल्याकडे ती शंका नेहमी मनात ठेवावी लागते, विशेषतः मूल होत नसेल तर. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, तिथून कल्चर होत नाही. त्यासाठी थोडा तुकडा नुसत्या सलाइनच्या वेगळ्या बाटलीत जायला हवा, आणि हे आधी ठरवावं लागतं.

आता नळीची खरी मर्यादा. ती अस्तराच्या साधारण ४ टक्केच भागाला शिवते. रोग अस्तरभर पसरलेला असेल तर एवढं पुरतं: पाळी गेलेल्या बायकांतला कॅन्सर ती ९९ टक्क्यांहून जास्त वेळा पकडते, पाळी चालू असलेल्यांत ९१ टक्के. एका कोपऱ्यात पॉलिप (अस्तरावरची मांसल गाठ) असेल तर मात्र नळी बाजूने निघून जाते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. जुन्या पद्धतीचं क्युरेटिंग तरी काय मोठं करतं? भूल देऊनही तेही आंधळंच, आणि पुष्कळदा निम्मी पिशवीही खरवडली जात नाही. सोनोग्राफीत एका जागी फुगवटा दिसत असेल, किंवा नॉर्मल रिपोर्टनंतरही रक्त थांबत नसेल, तर दुर्बीण मागा. हिस्टेरोस्कोपीत पॉलिप डोळ्यांना दिसतो आणि बहुधा तिथल्या तिथे काढता येतो.

रिपोर्टमधले ‘प्रोलिफरेटिव’, ‘सिक्रेटरी’ हे महिन्याचे साधे टप्पे, आजार नव्हे. ‘इनअॅडिक्वेट’ म्हणजे तुकडा अपुरा. अस्तर ४ मिमीच्या आत असेल आणि रक्त थांबलं असेल तर बहुतेक वेळा चिंता नसते. शब्द नीट वाचायचा तो ‘हायपरप्लेझिया’च्या (अस्तराच्या वाजवीपेक्षा जास्त वाढीच्या) पुढचा. ‘विदाउट एटिपिया’ (पेशींचं रूप बिघडलेलं नाही) असेल तर २० वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. हार्मोनची कॉपर-टीसारखी मिरेना किंवा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी बहुतेकींचं अस्तर पूर्ववत होतं. दर सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा घ्यायचा, सलग दोन साफ येईपर्यंत. अशा रिपोर्टवर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढणं गैर आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, ती उगाच नाही. ‘एटिपिया’ असेल तर मात्र चालढकल नको. अशा पिशव्या काढल्यावर पुष्कळ जणींत कॅन्सर आधीच असल्याचं आढळतं. मूल हवं नसेल तर तिथे पिशवी काढण्याचा सल्ला रास्त आहे. तुकड्याची काच आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागता येतो, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तोच दाखवावा. पुन्हा नळी घालावी लागत नाही.