लहान व्यवसायाची कमी कार्बनची वेबसाइट: बिल्डर, वर्डप्रेस की स्टॅटिक?

पाच-दहा पानं, सेवांची माहिती, थोडे फोटो आणि एक फॉर्म. बहुतेक लहान व्यवसायांना एवढंच लागतं. त्यासाठी वाटा तीन: विक्ससारखा तयार बिल्डर (बांधणी आणि होस्टिंग एकाच सेवेत), वर्डप्रेस (डेटाबेसमधला मजकूर घेऊन पानं जुळवणारी प्रणाली), किंवा ह्यूगो-इलेव्हन्टीसारख्या साधनाने बांधलेली स्टॅटिक साइट, म्हणजे आधीच बनवून ठेवलेली पानं. विजेच्या हिशेबात दोन गोष्टी बघायच्या: पान मागितल्यावर सर्व्हरला किती राबावं लागतं आणि वाचकाच्या फोनवर किती केबी उतरतात. दुसरी गोष्ट हमखास विसरली जाते.

सर्व्हरच्या कामात स्टॅटिक साइट सरस. एचटीएमएल, म्हणजे पानाची मूळ फाइल, आधीच तयार असतं; फाइल उचलून द्यायची इतकंच. डेटाबेस नाही, पान जुळवणारा पीएचपी कोड नाही. वर्डप्रेस कॅशेशिवाय, म्हणजे तयार पानाची प्रत साठवून न ठेवता, चालवलं तर प्रत्येक भेटीला पान नव्याने जुळवलं जातं. पेज कॅशे लावला की हा फरक जवळपास मिटतो, पण कॅशे खरंच वापरला जातोय का हे तपासा. सोशल मीडियावरून येणाऱ्या दुव्यांच्या शेवटी एफबीसीएलआयडी (fbclid) किंवा यूटीएमचं (utm), म्हणजे क्लिक कुठून आलं ते टिपणाऱ्या खुणेचं, शेपूट असतं आणि काही कॅशे अशा प्रत्येक पत्त्याला वेगळं पान समजतात. जाहिरातीतून आलेला प्रत्येक ग्राहक मग थेट डेटाबेसवर धडकतो. सेटिंगमध्ये ही शेपटं दुर्लक्षित करायला सांगा. साइटवर विक्रीही असेल तर कार्ट आणि चेकआउट मात्र कॅशेबाहेरच हवीत, नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसण्याचा धोका.

बिल्डरमध्ये सर्व्हरची चिंता नाही, फोटोही बरेचदा आपोआप लहान होतात. अडचण त्याच्या स्वतःच्या जावास्क्रिप्टची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची): साध्या मजकुराच्या पानालाही ती चिकटते आणि काढता येत नाही. होस्टिंगही निवडता येत नाही. कार्बन हाच निकष असेल तर बिल्डर आमच्या मते तिसरा.

स्टॅटिक आणि वर्डप्रेस या दोघांत निवड ठरते ती मजकूर कोण बदलणार यावर. स्टॅटिक साइटवर कामाची वेळ बदलायची तरी मार्कडाउन फाइल (साध्या मजकुराची) उघडा, बिल्ड करा म्हणजे पानं पुन्हा बनवा, चढवा. हे करणारं कोणी नसेल तर माहिती शिळी होते, आणि शिळी साइट कितीही हलकी असली तरी निरुपयोगी. महिन्यातून एखादा बदल असेल तर स्टॅटिक; दर आठवड्याला मालकच हात घालणार असेल तर हलकी थीम आणि मोजके प्लगइन (वरून जोडायच्या सोयी) असलेलं वर्डप्रेस. प्लगइन बसवताना ते आपली सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी फाइल) नि जावास्क्रिप्ट सगळ्या पानांवर ओततं का, हे पाहा. फॉर्मचे प्लगइन यात कुप्रसिद्ध आहेत: फॉर्म एका पानावर, फाइल सगळीकडे.

खरं वजन फोटोंचं. फोनमधला 4000 × 3000 पिक्सेलचा फोटो 3 ते 5 एमबीचा असतो. तो 1200 पिक्सेल रुंद करून वेबपी (WebP) या हलक्या चित्र-प्रकारात 75 गुणवत्तेवर काढला तर साधारण 100 ते 200 केबीत बसतो. सोबत 400 आणि 800 पिक्सेलच्या आवृत्त्या एसआरसीसेटमध्ये (srcset, चित्राच्या कोडमधली आकारांची यादी) द्या, म्हणजे लहान पडद्याला मोठी फाइल जाणार नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचक तिथे पोचेल तेव्हाच फोटो मागवणं) लावा, वरच्या मुख्य फोटोला नको. तिथे लावलं की तो उशिरा दिसतो. कोडमध्ये फोटोची रुंदी-उंची लिहिली नाही तर मजकूर उड्या मारतो. स्लायडर सरळ काढून टाका.

फॉन्टमध्ये सर्वांत हलका म्हणजे यंत्रात आधीच असलेला. वेगळा हवाच असेल तर वॉफ2 (WOFF2, वेबसाठीचा दाबलेला फॉन्ट-प्रकार), एक-दोन जाडी, बस. नको असलेली अक्षरं काढून देवनागरी फॉन्ट छाटताना जपून: जोडाक्षरांचे नियम किंवा त्यांचे ग्लिफ (अक्षरांच्या आकृत्या) गळाले तर ‘क्ष’च्या जागी पाय मोडलेला क आणि सुटा ष उमटतो.

यूट्यूबचा व्हिडिओ थेट जडवला तर कोणी प्ले दाबण्याआधीच अर्ध्या एमबीहून जास्त जावास्क्रिप्ट उतरते. तिथे स्थिर चित्र ठेवा, क्लिकवर व्हिडिओ मागवा. नकाशालाही हाच नियम. चॅटचा फुगा रोज कोणी उत्तर देणार असेल तरच.

सीएसएस, फॉन्ट, चित्रांना वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक वर्षाचा कॅशे द्या, म्हणजे 31536000 सेकंद. पण फाइलच्या नावात आवृत्तीचा हॅश (फाइल बदलली की बदलणारी खूण) हवा. तेच नाव ठेवून फाइल बदलली तर जुन्या ग्राहकाला जुनंच रूप दिसत राहतं.

मोजायला क्रोमचा नेटवर्क टॅब पुरतो: कॅशे बंद करून पान उघडा आणि तळाचा ‘ट्रान्स्फर्ड’ आकडा बघा. मुखपृष्ठाला 500 केबी, आतल्या पानाला 300 ही मर्यादा आम्ही धरतो. अशा साइटला ती आरामात पाळता येते. कार्बन मोजणारी बहुतेक संकेतस्थळं बाइटवरून सरासरीने ग्रॅम काढतात, म्हणून ती आधी-नंतरच्या तुलनेपुरती ठीक. जड जावास्क्रिप्टने फोनचा प्रोसेसर किती तापला हे त्यात धरलेलं नसतं. होस्ट हरित ऊर्जेवर आहे का, हे ग्रीन वेब फाउंडेशनच्या तपासणीत कळतं. मात्र साइटपुढे सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) असेल तर उत्तर सीडीएनचं येतं, मूळ सर्व्हरचं नाही. तेव्हा होस्टचं नाव वेगळं शोधून पाहा.