मारुतीची जुनी जिप्सी घ्यावी की महिंद्राची जुनी थार?
सह्याद्रीतल्या चिखलवाटांसाठी कमी पैशात जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) हवी असेल, तर माझं मत जिप्सीला. १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, वजन जेमतेम टनभर; रुतली तरी चार जण ढकलून बाहेर काढतात. पेट्रोल मात्र पिते, आणि कडक पाट्यांमुळे (लीफ स्प्रिंगमुळे) मागे बसणाऱ्याचे हाल होतात.

२०१० नंतरची थार सीआरडीई (कॉमन रेल इंजिनवाली) म्हणजे २.५ लिटर डिझेल. ओढ जबरदस्त, पण गाडी जड. थारचं डीआय (साध्या डायरेक्ट इंजेक्शन डिझेलचं) मॉडेल घेताना ते फोर बाय फोरच आहे ना, हे बघा; ते टू व्हील ड्राइव्हमध्येही यायचं.

दोन्हींत चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आधी तपासा. पाट्या जिथे चेसिसला अडकतात त्या हँगरपाशी स्क्रूड्रायव्हर टोचा. गंजाचे पापुद्रे सुटले, तर रंग कितीही चकचकीत असो, ती गाडी सोडून द्या.