इंदूरची कचरा गाडी, माझ्याकडून पूर्ण पाच स्टार

आमच्या रामबागेत सकाळी गाडी आली की आई डबे घेऊन खाली जाते, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-वेस्ट, घातक असे सहा कप्पे आहेत गाडीत आणि ओल्यात एक पिशवी जरी दिसली तरी गाडीवाले दादा तिथेच काढायला लावतात, मला हेच सगळ्यात आवडतं. कारण खरा खेळ तिथेच आहे हो! इंदूरच्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस बनवणारा, फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, तेव्हा रोज 550 टन ओला कचरा घेण्याची क्षमता होती, गॅसही निघतो आणि खतही, पण त्यात प्लास्टिक गेलं की गॅस कमी आणि खत खराब.

देवास-महूकडचे नातेवाईक विचारतात आमच्याकडे असा प्लांट कधी. माझं मत, लहान गावांनी प्लांटच्या मागे लागूच नये, ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असतं, ते ट्रकमधून लांब नेणं म्हणजे डिझेल जाळणं. ओल्याचं खत गावातच खड्ड्यात करा, वाळकी पानं मिसळा म्हणजे वास येत नाही, आणि फक्त सुका कचरा चार-पाच गावांनी मिळून एका सेंटरवर दाबून गठ्ठे करून विका, भाव पण बरा मिळतो.