जात्यावरची सीता: 'पारी'वरच्या ओव्यांचा संग्रह वापरायचा कसा?

सीतेच्या बाजूने रामायण सांगणाऱ्या कादंबऱ्या हल्ली दुकानात सहज मिळतात. पण छापखान्याशी संबंध नसलेल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सीता कशी सांगितली, हे ऐकायचं असेल तर 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा विभाग उघडा. फुकट आहे, नावनोंदणीची भानगड नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या हा त्याचा पाया. १९९०च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण झालं आणि २०१७पासून 'पारी' त्या हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध करू लागली.

इथली सीता आधी सासुरवाशीण, राणी नंतर. युद्ध थोडक्यात आटोपतं. वनवास, बाळंतपण आणि सासू यांवर मात्र ओवीमागून ओवी. या ओव्यांमागच्या लोककथेत सीतेच्या त्यागाला धोबी नाही, कैकेयी कारण होते. रावण दिसायचा कसा, असं ती सुनेला विचारते. सीता भिंतीवर त्याच्या फक्त अंगठ्याचं चित्र काढते, आणि उरलेला रावण सासू पुरा करून रामाला दाखवते. राजधर्माचा सगळा प्रश्न असा घरातल्या भिंतीवर येऊन बसतो. एका प्रसिद्ध ओवीत सीता हिरकणी ठरते आणि राम हलक्या दिलाचा. दुसरीत सीता आपला सासुरवास साऱ्या बायांना वाटून देते. 'वाटून' या एका शब्दात दळणारीचा वाटाही आला.

शोधताना पहिली ठेच लागते ती नावांना. 'लव-कुश' टाकून हाती काही लागलं नाही तर 'लहू-अंकुश' टाका. कैकेयी 'केकयी' होते, अरण्य 'अरुण्य' होतं आणि वाल्मीकींच्या जागी 'तातोबा' भेटतो. बोलीतला उच्चार जसाच्या तसा ठेवलाय ते उत्तमच, पण शोधखिडकीला ते कळत नाही.

ऐकायची रीत सांगतो. हेडफोन लावा आणि पहिल्यांदा मजकूर न बघता ऐका. दोन ओळींची ओवी, पण गाताना शब्द मागेपुढे होतात, अर्धी ओळ परत येते, मध्येच 'बाई' शिरते. मजकूर समोर ठेवून ऐकलं की ओळ हरवते आणि माणूस वैतागतो. दुसऱ्या वेळी मजकूर घ्या, तिसऱ्या वेळी गाणारीचं नाव, गाव, तालुका वाचा. ध्वनिमुद्रण सगळ्या ओव्यांचं नाही, तेव्हा जिचं आहे तिच्यापासूनच सुरुवात करा.

महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी ओव्या निवडणाऱ्यांची एक चूक ठरलेली असते. रामाला बोल लावणाऱ्या पाच ओव्या पाच गावांतून उचलायच्या, एका चालीत बसवायच्या आणि 'बंडखोर सीता' म्हणून सादर करायच्या. संग्रहात तसं नाही. बोल लावणारी ओवी आहे, तशी रामाचं नाव घेऊन दळण सुरू करणारीही आहे, आणि पोरांच्या जिवावर दिवस काढणारी सीता तर भरपूर आहे. दोन्ही सूर एकाच गळ्यातूनही येऊ शकतात. म्हणून एका गाणारीच्या जितक्या सापडतील तितक्या ओव्या सलग घ्या आणि तिचं नाव-गाव मंचावरून सांगा.

मोठी उणीव एकच, आणि ती संकेतस्थळाच्या हातातली नाही. पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळणाचे तास वाचले, बाईच्या खांद्याला विसावा मिळाला. त्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसून, एकच खुंटा ओढत, घरातलं कुणी उठायच्या आत मन मोकळं करायची जागाही गेली. त्यामुळे नंतरच्या चित्रफितींत जातं फिरतं ते बहुतेक कॅमेऱ्यासाठी. जुन्या ध्वनिफितीत जात्याच्या पाळूची घरघर नीट ऐका, आणि मग तीच ओवी नुसती वाचून बघा.