व्हिक्टोरिया ३ : काही महिने खेळल्यावर

युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम वर्षानुवर्षं खेळलो. गेले काही महिने त्याच कंपनीच्या व्हिक्टोरिया ३ वर आहे. युद्धाबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर भांडणारे भरपूर आहेत. मला बघायचं होतं ते एवढंच, की जिंकलेला मुलूख पुन्हा डोकं कसं वर काढतो.

युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये त्याचा हिशोब सरधोपट होता. प्रांत घेतला की त्यावर ३० वर्षांची फुटीरता (बंडाची शक्यता वाढवणारा आकडा) बसते, दरवर्षी थोडी उतरते, शेवटी शून्य. तोवर जवळ फौज ठेवायची आणि बंडखोर उठले की मोडायचे. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं १८१७ मध्ये. म्हणजे १८४७ पर्यंत पुणं शांत व्हायला हवं होतं! प्रत्यक्षात सार्वजनिक सभा १८७० ची, वासुदेव बळवंतांचं बंड १८७९ चं, केसरी १८८१ चा. आणि फडके कोण, तर पुण्यातच लष्कराच्या हिशेब खात्यातले कारकून. त्या जुन्या खेळाच्या गणितात असा माणूस कधीच ‘आपला’ झालेला असतो.

व्हिक्टोरियात नेमकं हेच उलटं आहे, आणि त्यासाठीच मी त्याला चिकटून राहिलो. इथे क्लार्क हा लोकसंख्येतला वेगळा पेशाच आहे. साक्षरता वाढली की माणसाचं राजकीय वजन वाढतं. राज्य चालवायला शिकलेली माणसं हवीत म्हणून शाळांवर खर्च करा, पुढे तीच मंडळी चळवळीत दिसतात. २०२४ च्या १.८ पॅचनंतर (खेळातल्या सुधारणांनंतर) कुठल्या संस्कृतीला किती मान मिळतो याच्याही पायऱ्या झाल्या, त्यामुळे ‘आपले की परके’ एवढाच प्रश्न उरला नाही.

खटकतं ते कायद्यांच्या बाबतीत. सेन्सॉरशिप लावली की ती सगळ्यांना सारखीच. १८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा कायदा फक्त देशी भाषांतल्या पत्रांसाठी होता, इंग्रजी पत्रं मोकळी. असा दुजाभाव केला की चळवळीला आयतंच कारण मिळतं, पण तो खेळात करताच येत नाही. दुसरं, शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्जच नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. खेळात जीवनमान घसरलं की माणूस ‘रॅडिकल’ म्हणजे असंतुष्ट होतो आणि थेट सरकारवर उलटतो. मधला सावकार गायब. दख्खनचा एकोणिसाव्या शतकातला राग सावकाराला वगळून कसा दाखवणार, मला तरी कळत नाही.

‘पिव्हट ऑफ एम्पायर’ हे भारतावरचं डीएलसी (वेगळं विकत घ्यायचं जोडपॅक) सेल लागल्यावर घ्या, घाई नको. आणि पुण्याचे आहात म्हणून पहिलाच डाव भारतात टाकू नका. ऑस्ट्रियापासून सुरुवात करा. हंगेरियन, चेक, इटालियन सगळे एकाच राज्यात, चळवळींचा पॅनेल सतत उघडावा लागतो, त्यामुळे लवकर हात बसतो.